अळ्यांवाला गुलाम रसूल

गुलाम रसूल चाचाले आमच्या हिवरा आश्रमच्या पट्ट्यात दोन नावं आहेत. तोंडावर सगळे 'चाचा' म्हणतात अन् पाठीमागं 'अळ्यांवाला'. माणूस तोंडाचा कडू. नमस्कार घातला तर 'काम बोला' म्हणणार, कसे आहात विचारलं तर 'जिंदा हूं' म्हणून गाडीचा दरवाजा आपटणार. मी त्याच्याहून कडू, म्हणून आमचं जमलं, असं त्याची बायको सरवरी चाची हसून सांगते. जमलं काय डोंबलाचं! त्या आश्विनातल्या दुपारी मी त्याले दुसरबीडात भर रस्त्यावर जे काही बोलली, ते दुसऱ्या कोणी ऐकून घेतलं नसतं.

मी पुष्पांजली. माझी तुतीची बाग आहे अन् बागेच्या कडेले शेड. शेडमध्ये मी रेशमाच्या अळ्या पाळते. अळ्या अंड्यातून निघाल्या की पहिले काही दिवस चॉकी केंद्रात, म्हणजे अळ्यांच्या बालवाडीतच म्हणा ना, वाढवतात. दुसरी कात टाकून उठल्या की ट्रेमध्ये भरून आपल्या हवाली करतात. आमचं केंद्र जालन्याकडे. तिथून आमच्या गावापर्यंत आणायच्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा अळ्या आणायले एसीची गाडी कायले पाहिजे? मोटारसायकलच्या मागं बांधा अन् आणा! वा रे वा! ते काय कोंबड्यांचं खाद्य आहे? ऊन त्यांले सोसत नाही, धूर सोसत नाही, उदबत्ती सोसत नाही. शेजारच्या वावरात कोणी फवारलं अन् वारा आपल्याकडे फिरला तर बसा कपाळाले हात लावून. अन् तंबाखूचं तर नावच काढू नका. तंबाखू मळलेल्या हातानं पाला टाकला तरी अळी डोकं वर करून झुलते, तोंडातून हिरवं पाणी सोडते अन् संपते. मग सांगा, असा गाडीवाला कुठून आणायचा, ज्याच्या गाडीत अत्तराची बाटली नाही, सिगारेटचा वास नाही अन् खिशात पुडी नाही?

गंमत म्हणजे, चाचाच्या खिशात पुडी होती. अर्धी जिंदगी होती. गाडी चालवता चालवता डाव्या हातावर तंबाखू-चुना घ्यायचा, अंगठ्यानं मळायचा अन् दोन बोटांनी असा फटका मारायचा की बुकणी उडून मागच्या सीटवरचा माणूस शिंकला पाहिजे. अळ्यांच्या खेपेले मात्र पुडी घरी ठेवायचा. हात साबणानं घासायचा, कपडे बदलायचा. त्या दिवशी त्याच्याशी बोलायची कोणाची टाप नव्हती.

उन्हाळ्यात उकंडरावाच्या अळ्या त्यानं आणल्या अन् दुसऱ्याच दिवशी सगळ्या गेल्या. उकंडराव म्हणजे आमच्या गावातला जुना रेशीमवाला, त्याचा शब्द चालतो. तो पारावर बसून म्हणाला, "गुलाम रसूलच्या गाडीत तंबाखू होती." बस! कोणी विचारलं नाही की बापू, तुझ्या शेडमध्ये काय होतं? कोणी पाह्यलं नाही. चाचा एक शब्द उलट बोलला नाही. घरी गेला, पुडी चुलीत टाकली अन् त्या दिवसापासून सुक्या खोबऱ्याचा तुकडा गालात धरून बसू लागला. सरवरी चाची सांगते, महिनाभर माणूस रात्री उठून अंगणात फिरे, पण तोंडात कण घेतला नाही.

पण त्याची गाडी बंदच पडल्यासारखी झाली. अळ्यांसाठी कोणी बोलावेना. लोक मेहकरहून दुसरा गाडीवाला आणू लागले. मी मात्र चाचालेच सांगितलं. मले लोक म्हणाले, "पुष्पांजली, येडी झाली का?" मी म्हटलं, "झाली. तुमच्या बापाचं काय जाते?" असं मोठ्या तोंडानं बोलली खरी, पण आतून घाबरलीच होती. तुतीचा पाला ऐन भरात आला होता. ही खेप मेली असती तर केंद्रात दुसऱ्या अळ्या नव्हत्या. पाला बागेतच पिवळा पडला असता अन् मी थंडी संपेपर्यंत रिकाम्या शेडकडे पाहत बसली असती. आदल्या खेपेले पावसाळ्यात रोगानं निम्मं गेलंच होतं. म्हणून सांगते, त्या दिवशी त्या ट्रेमध्ये माझा जीव होता.

पहाटे निघालो, तेव्हा गार वारा होता. एसी लावायचं कामच पडलं नाही. अळ्या पहाटेच मिळतात अन् ऊन चढायच्या आत घरी येतात, असा दरवेळचा हिशेब. पण त्या दिवशी केंद्रावरची बाई म्हणाली, "अळ्या अजून कातेवरून उठल्या नाहीत, थांबा." थांबलो. चहा झाला, दुसरा चहा झाला. अळ्या उठल्या तेव्हा सूर्य डोक्यावर यायले लागला होता. उठलेली अळी उपाशी असते, तिले संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवता येत नाही. मी म्हटलं, "चाचा, एसी बरोबर चालते ना?"

"बर्फ पाडून देतो," चाचा म्हणाला.

अन् खरंच, सुरुवातीले चांगली गार हवा आली. मागची सीट काढून त्या जागी चाचानं सुताराकडून एक लाकडी घोडी करून घेतली होती, तिच्यावर ट्रे एकावर एक. मी बाजूले अंग चोरून बसली. ट्रेजवळ मी तापमापी टांगली होती, तिच्या काचेवर जिथवर अळ्यांले सोसते तिथवर हिरवी टिकली चिकटवलेली. देऊळगाव राजापर्यंत पारा टिकलीच्या खाली होता. मी मनात म्हटलं, चला, देव पावला.

सिंदखेड राजा मागं पडलं अन् मले वाटलं, हवा कमी येऊन राह्यली. हात समोर धरला. गारच होती, पण वाऱ्याले जोर नव्हता. मी तापमापीकडे पाह्यलं. पारा टिकलीले टेकला होता.

"चाचा, वाढवा ना थोडी."

त्यानं बटण फिरवलं. ब्लोअरचा आवाज वाढला, घूं घूं करायले लागला, पण हवा काही वाढली नाही. त्यानं थंडीचं बटण पार शेवटाले नेलं. थोड्या वेळानं तर हवा आणखीनच कमी झाली. चाचानं गालातलं खोबरं एका बाजूचं दुसऱ्या बाजूले केलं. तेव्हाच मी समजायले पाहिजे होतं.

"गॅस नाही भरला तुम्ही," मी म्हटलं.

"भरला."

"कधी?"

"भरला म्हटलं ना, ताई!"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीनची मळणी चालू होती. मशीनमधून भुसा उडून डांबरावर येत होता, समोरच्या ट्रकच्या चाकानं तो आणखी उडत होता अन् आमच्या काचेवर बसत होता. चाचाले वाटलं, समोरची जाळी भुशानं बुजली असंल. एसीचा सगळा ताप बाहेर टाकणारी जाळी तिथंच असते. ती बुजली की एसी मार खाते. त्यानं निंबाखाली गाडी लावली, बोनेट उघडलं. खरंच, जाळीवर भुशाची रजई झाली होती. त्यानं जुन्या ब्रशनं सगळा भुसा ओढून काढला. पंखा पाह्यला, तो फिरत होता. पट्टा दाबून पाह्यला, ताणलेला होता. मी आत बसून ट्रेवरचा पातळ कागद उचलून पाहत होती. अळ्या अजून शांत होत्या.

परत निघालो. काही फरक पडला नाही. उलट पारा टिकलीच्या वर सरकला. मले घाम फुटला. ते दार बंद, काच बंद, अन् त्या डब्यात मी अन् माझ्या अळ्या! काच उघडू म्हटलं तर तुरीच्या वावरात माणसं पाठीवर पंप घेऊन फवारत होती. औषधाचा तो उग्र वास काच बंद असूनही नाकाले लागत होता. मी काचेवर हात दाबून बसली, जसं काही त्यानं वास थांबणार होता.

दुसरबीडले एक गाड्यांच्या एसीवाला आहे, मोईज त्याचं नाव. चाचाच्या ओळखीचा. चाचानं गाडी त्याच्या दुकानापासून लांब उभी केली, कारण दुकानात थिनरचा वास होता. मोईज हात पुसत आला, तर गालात पुडी! मी दरवाजातून ओरडली, "ए भाऊ! तिथंच थांब! गाडीले हात लावशील तर पाहा!" तो बिचारा जागच्या जागी उभा राह्यला. चाचानं त्याले दुरूनच सगळं सांगितलं. मोईजनं तोंड धुतलं, हात धुतले, मग बोनेटपाशी गेला अन् पाइपाले हात लावला. पाइपवर पांढरा बर्फ जमला होता.

"गॅसच कमी असंल," मी म्हटलं. "भर भाऊ लवकर."

"थांबा बाई," मोईज म्हणाला. "आधी मले एक सांगा. हवा गरम येऊन राह्यली, का गार येऊन राह्यली पण थोडी?"

"गार, पण थोडी."

"मग गॅसचं काम नाही. गॅस कमी झाला तर वारा भरपूर येते, पण कोमट येते. ही हवा आत कुठंतरी अडून राह्यली. हवा अडली की आतली कॉइल बर्फानं भरते, मग तर हवा जातच नाही. चाचा, फिल्टर कधी साफ केला? डॅशबोर्डच्या मागं आहे पाहा, दोन मिनिटांत निघते."

एवढं ऐकलं अन् चाचाचा चेहरा उतरला. मी स्वतःच्या डोळ्यानं पाह्यलं.

"फिल्टरले हात नाही लावायचा," तो म्हणाला.

"काऊन?" मी विचारलं.

"नाही म्हणजे नाही. बसा, ताई. जाऊ."

मी काय बसते! गाडीतून उतरली अन् रस्त्यावरच त्याच्यावर तुटून पडली. "चाचा, माझ्या अळ्या मरून राह्यल्या अन् तुम्ही फिल्टर नाही काढत? लोक म्हणत होते ते खोटं नव्हतं. तुमच्या गाडीत काय लपवलं तुम्ही? सकाळपासून खोटं बोलून राह्यले. गॅस भरला म्हणे, बर्फ पाडतो म्हणे! उकंडराव बरोबर म्हणत होता. मीच मूर्ख, साऱ्या गावाशी भांडून तुमच्या गाडीत बसली!"

पानटपरीवरची माणसं वळून पाहू लागली. मोईजनं मान खाली घातली. चाचा आत बसला, स्टेअरिंगवर हात ठेवला अन् एवढंच म्हणाला, "ताई, उन्हात उभी गाडी लवकर तापते. भांडण चालत्या गाडीत करा."

ते खरंच होतं. बसली मी.

गावाबाहेर आलो तेव्हा तो स्वतःहून बोलला. समोर पाहतच.

"फिल्टरवर मी सरवरीची ओढणी लावली आहे. मलमलची. घडी करून, चांगली दाबून."

"ओढणी?"

"वर्षानुवर्षं या गाडीत तंबाखू झाडली मी. बुकणी कुठं गेली असंल? ब्लोअरनं आत ओढली असंल, त्या नळ्यांमध्ये जाऊन बसली असंल. उकंडरावाचं खरं असंल तर त्या नळ्यांमधूनच आली. मी काल गाडी धुतली, पुसली, पण नळ्यांमध्ये हात नाही जात. मग म्हटलं, असं जाड कापड लावू की एक कण बाहेर येणार नाही. घरी एसी लावून पाह्यला तर चांगला चालला. थोडाच वेळ पाह्यला."

म्हणजे तंबाखू अडवायले लावलेल्या ओढणीनं हवाच अडवली होती! हा शहाणपणा आमच्या अळ्यांवाल्या माणसालेच सुचणार. दुसरा कोणी गाडीवाला हसून मेला असता. मले हसू आलं नाही. कारण ओढणी काढली तर साऱ्या वर्षांची ती बुकणी सरळ माझ्या ट्रेवर येणार होती. अन् नाही काढली तर घरी पोचेपर्यंत अळ्या उकडून मरणार होत्या.

मी पहिल्या ट्रेवरचा कागद उचलला. काही अळ्यांनी डोकी वर केली होती. हळूहळू इकडून तिकडे झुलत होत्या. उष्णता झाली की करतात तसं. मी रडायले लागली, हे सांगायले मले लाज नाही वाटत. "चाचा, काहीतरी करा ना," मी म्हटलं. "काहीही करा."

"आधी यांले गाडीतून बाहेर काढू," तो म्हणाला.

"कुठं? बाहेर फवारणी आहे, धूळ आहे, मुंग्या आहेत, उझी माशी आहे!" ही माशी अळीच्या अंगावर अंडं घालते अन् आतून तिले खाऊन टाकते. एक माशी ट्रेत शिरली तरी झोप उडते.

"समृद्धीचा बोगदा," चाचा म्हणाला. "वरून महामार्ग, खालून गाडीवाट. आत सावली, अन् वावरं लांब."

त्यानं गाडी वळवली. बोगदा मोठा होता, सिमेंटच्या भिंती, आत पाय ठेवताच अंगाले गारवा लागला. वरून गाड्या जात होत्या तसा धडधड आवाज येत होता. एका तोंडाकडून वारा आत येत होता अन् दुसऱ्या तोंडानं बाहेर जात होता. चाचानं एक मूठ धूळ उडवून वारा पाह्यला. घोडी उतरवून वाऱ्याच्या तोंडाकडे ठेवली, म्हणजे गाडीतली हवा अळ्यांकडे येऊ नये. घोडीच्या चारही पायांखाली घरून सोबत आणलेल्या वाट्या पाण्यानं भरून ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. मग आम्ही दोघांनी एकेक ट्रे उचलून तिच्यावर लावला. मी माझ्या पदरानं माशा हाकलत उभी राह्यली. गाडी त्यानं बोगद्याच्या पार दुसऱ्या टोकाले नेली.

तिथून मले सगळं दिसत होतं. तो समोरच्या सीटवर आडवा झाला, डॅशबोर्डच्या खणाखाली हात घालून ओढणी ओढू लागला. निघेना. गारठून चिकटली होती. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा ओली, तपकिरी, लगद्यासारखी बाहेर आली. त्यानं ती नाकाजवळ नेली अन् लगेच लांब फेकली. फिल्टरही काढून टाकला. मग एसी बंद करून नुसता ब्लोअर पुऱ्या जोरात लावला अन् चारही दारं उघडली. गाडीखालून बर्फाचं पाणी धो धो वाहायले लागलं.

"झालं का?" मी ओरडली.

त्यानं खिशातला पांढरा रुमाल पाण्यात भिजवला, हवेच्या तोंडावर धरला. काढून पाह्यला. रुमालावर काळपट धूळ आली होती. धुळीवरून काय कळणार, माती आहे की तंबाखू? काळं ते काळंच. मग चाचानं तो रुमाल जिभेले लावला.

मी तिकडेच पाहत होती. त्यानं डोळे मिटले. ज्या चवीसाठी माणूस महिनाभर रात्री अंगणात फिरला, ती त्यानं आपल्या हातानं जिभेवर घेतली होती.

"आहे," तो म्हणाला. आवाज बोगद्यात घुमला. "तंबाखू आहे, ताई."

म्हणजे भीती खरी होती. त्यानं थुंकून तोंड धुतलं, ब्लोअर पुन्हा लावला. हवेचं प्रत्येक तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, बोटाले फडकं गुंडाळून आत जितकं जाते तितकं पुसलं. गाडी चालू-बंद केली, हवा कधी पायाकडे सोडली, कधी काचेवर. इकडे माझ्या अळ्या गारव्यात जरा सावरल्या होत्या, पण उपाशी होत्या. ट्रेच्या कडेनं चढून पाला शोधत होत्या. अन् वेळ जात होता. "चाचा, आवरा!" मी ओरडत होती. तो ऐकत नव्हता.

पुन्हा रुमाल. पुन्हा जीभ.

"आहे. कमी आहे."

"कमी म्हणजे किती कमी?"

"अळी मरंल एवढी."

पुन्हा ब्लोअर, पुन्हा फडकं. त्यानं रुमालाचा नवा कोपरा घेतला, धरला, चाटला. या खेपेले बराच वेळ डोळे मिटून उभा राह्यला. तोंड धुतलं अन् पुन्हा चाटून पाह्यलं.

"नाही," तो म्हणाला. "आता नुसती माती आहे."

"कशावरून?"

"ताई, अर्धी जिंदगी खाल्ली मी. अंधारात चिमूट दिली तरी कोणत्या दुकानाची ते सांगंन. तुमचा विश्वास नसंल तर मी काही म्हणत नाही. अळ्या तुमच्या आहेत."

हाच तो माणूस, ज्याले मी तासाभरापूर्वी दुसरबीडात चारचौघात खोटारडा म्हटलं होतं. आता त्याच्या जिभेवर माझी सगळी खेप ठेवायची होती. बोगद्यात राहून उपाशी मारायच्या, की गाडीत घालायच्या? मी देवाचं नाव घेतलं अन् म्हटलं, "आणा गाडी."

आधी मी एकच ट्रे आत नेला, हवेसमोर मांडीवर धरला. एसी चालू केला. आता वारा असा आला की कागद फडफडला. मी अळ्यांकडे पाहत होती. कोणी झुलते का, कोणाच्या तोंडाले हिरवं पाणी येते का. चाचा दरवाजाबाहेर उभा होता, त्याचा चेहराही आत आणायची त्याची हिंमत नव्हती. अळ्या चालत होत्या. नुसत्या चालत होत्या. मी मान हलवली. मग बाकीचे ट्रे आत घेतले.

सुलतानपूर, मेहकर, कसं गेलं कळलं नाही. पारा टिकलीच्या खाली आला. चाचा गाडी चालवताना तोंड काचेकडे वळवून श्वास सोडत होता, मागं अळ्यांकडे जाऊ नये म्हणून. ते मी पाह्यलं.

शेडवर आलो तेव्हा दिवस कलला होता. आमच्याकडे बाहेरच्या माणसाले शेडमध्ये घेत नाहीत. गाडीवाले तर दारातच ट्रे देतात अन् जातात. मी सगळे ट्रे आत नेले, मांडले, तुतीचा कोवळा पाला बारीक चिरून ठेवलेला होता तो हातात घेतला. मग परत दाराशी आली.

"चाचा, चपला काढा. पाय दारातल्या जंतू मारायच्या चुन्यात बुडवा अन् या आत. पाहा तुमच्या डोळ्यानं."

तो जाळीच्या दारापासून दोन पावलं मागं सरकला. "नाही, ताई. माझ्या तोंडात आहे ते अजून. कितीही धुतलं तरी आहे. मी इथंच थांबतो. तुम्ही सांगा."

मग मी एकटीच आत गेली. पाला टाकायले लागली. वरच्या ट्रेत टाकला अन् थांबली. निरोगी अळी पाल्याचा वास लागताच वर येते. जी आतून मेली ती खालीच पडून राहते. थोडा वेळ काहीच हललं नाही. मग एक डोकं पानावर आलं. मग दुसरं. मग साऱ्या ट्रेवरचा पाला हलायले लागला, खालून काळी-पांढरी डोकी वर येऊ लागली. मी दुसऱ्या ट्रेकडे गेली, तिसऱ्या. चढल्या! मी जोरात हसली की रडली, मले आठवत नाही. शेवटचा ट्रे होता, गाडीत सगळ्यात वर होता तो, टपाच्या तापाजवळ. त्यातही चढल्या. पण एका कोपऱ्यात ओंजळभर अळ्या तशाच पडून राह्यल्या. मी त्यांच्यावर पाला टाकला, वाट पाह्यली, बोटानं हळूच हलवलं. त्या उठल्या नाहीत. मी त्या हातावर घेतल्या, मऊ पडल्या होत्या.

बाहेरून चाचाचा आवाज आला. "ताई?"

मी दाराशी गेली. तो जाळीपासून लांब, अंगणात उभा होता. दाढी ओली होती, पाण्याच्या टाकीवर पुन्हा तोंड धुऊन आला होता. डोळे लाल झाले होते.

"चढल्या?"

"चढल्या, चाचा."

"सगळ्या?"

माझी मूठ मिटलेली होती. मी ती पदराखाली घेतली अन् म्हटलं, "हाव. सगळ्या."